वाया गेलेला आठवा फोटो

मार्गशीर्षातला उजेड नाशिकरोडच्या त्या वसाहतीत फार सावकाश येई. आधी तो समोरच्या चाळीच्या कौलांवर नुसता टेकून बसे, लांबून चालत आलेला माणूस पारावर टेकावा तसा. मग सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, खिडकीच्या गजांच्या पाच सावल्या सोबत घेऊन, तो दोंद्यांच्या स्वयंपाकघरात शिरे. आणि आत आल्यावरही त्याला कसली घाई नसे. प्रथम तो समोरच्या फळीवर, डब्यांच्या रांगेतल्या सर्वांत शेवटच्या, टोपण हरवलेल्या डब्यावर पडे. तिथून खिळ्याला टांगलेल्या चहाच्या गाळणीवर उतरे आणि तिच्या काळपटलेल्या जाळीची सावली भिंतीवर अलगद ठेवून देई. मग मोरीच्या कोपऱ्यातल्या बंबाच्या काजळी धरलेल्या पोटावर येऊन तो बराच वेळ थांबे, आणि त्या काळ्या तांब्याला एकाच कुशीवर आठवण आल्यासारखी किंचित लाली चढे. शेवटी तो शहाबादी फरशीवर, पाटाच्या झिजलेल्या कडेशी, बसका होत होत सात सत्तावीसला पुसून जाई. एकूण सतरा मिनिटे. घरात त्याच्याकडे कोणी पाहत नसे. आई त्यातून पिठाचे हात घेऊन ये-जा करी, दादा त्यातून दाढीचे गरम पाणी नेत; उजेड त्यांच्या अंगाखांद्यावर चढे, उतरे, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसे.

जयराम मात्र गेली दोन वर्षे हातातला चहा निववत तो उजेड पाहत असे. पाहून त्याला वाईट वाटे. कशाचे, ते त्याला सांगता आले नसते. आणि सरकारी नोकरीत कारण सांगता न येणाऱ्या दुःखासाठी रजा मिळत नसल्याने तो ते डब्यासोबत कचेरीत घेऊन जाई.

असले दुःख आपल्या जागी राहू द्यावे. त्याचा उपयोग करायला गेले की माणूस हमखास अडचणीत येतो. पण त्या डिसेंबरात, एकोणीसशे एकोणऐंशी साली, वाचनालयाच्या फळ्यावर 'छायाप्रकाश मंडळ' नावाच्या संस्थेची एक सूचना लागली. छायाचित्र स्पर्धा, विषय 'घरातल्या घरात', घरातील साध्या वस्तूंमधील सौंदर्य, नियम अकरा. जयराम कचेरीत आवक-जावक कारकून होता, त्यामुळे नियम दिसले की ते शेवटपर्यंत वाचणे त्याच्या हाताबाहेरचे होते. चौथा नियम: छायाचित्र स्पर्धकाने स्वतः काढलेले असावे. नववा नियम: वस्तू स्पर्धकाच्याच घरातील असल्याबद्दल राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही असावी. आणि अकरावा: निवडक छायाचित्रे स्पर्धकाच्या नावासह सभागृहात लावण्यात येतील.

या अकराव्या नियमापाशी तो उभाच राहिला. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत 'जयराम सावळीराम दोंदे' हे नाव मस्टरखेरीज कुठेही लिहिले गेलेले नव्हते. ते एकदा, एकदाच, एखाद्या सुंदर गोष्टीखाली लिहिलेले पाहावे, एवढीच त्याची इच्छा होती. ती कोणाला सांगण्याची सोय नव्हती, म्हणून ती फारच मोठी झाली.

कॅमेरा मेन रोडवरच्या ढुंढिराज गायधनींनी दिला. जयरामच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, पस्तीस वर्षे टपाल वाटले होते आणि त्यातली अकरा वर्षे गायधनींच्या स्टुडिओचा रस्ता त्यांच्याकडे होता; ती ओळख. गायधनींचे घराणे त्र्यंबकेश्वरचे. येणाऱ्या यजमानांच्या वंशावळी लिहून ठेवायच्या, हे काम त्या घरात सात पिढ्या चालत आलेले. ढुंढिराजांनी ते सोडून फोटोग्राफी धरली. पण रक्तातली सवय जाते कुठे? स्टुडिओत त्यांनी तांबड्या फडक्यात बांधलेली एक लांबोडकी चोपडी ठेवली होती आणि हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक निगेटिव्हची ते तीत नोंद करीत: गाव कुठले, घर कोणाचे, फोटोत कोण, प्रसंग कोणता आणि फोटो काढला कोणी. तीस वर्षांनी कोणाचा नातू आला तरी त्याच्या आजोबांचा फोटो पाच मिनिटांत काढून देता आला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

"सावळीरामचा मुलगा ना तू? घेऊन जा," असे म्हणून त्यांनी एक चौकोनी क्लिक कॅमेरा जयरामच्या हातात ठेवला. "साधा आहे. डोळा लाव, बटण दाब, चावी फिरव. रोळात फोटो बारा. बारा म्हणजे बाराच हो, तेरावा देव देत नाही."

बारा! जयरामला बारा म्हणजे अपार वाटले. एका उजेडाला बारा फोटो. तो बसमधून घरी येईपर्यंत त्याने त्यांतले सातआठ मनात काढूनही टाकले होते, आणि ते फार सुंदर आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात आला आणि त्याचे डोळे दिपले. मोरीच्या कोपऱ्यात बंबाच्या जागी कोणीतरी एक सूर्य आणून ठेवला होता.

"आई, बंबाला काय केलंस?"

"चिंच लावली," आई पदराला हात पुसत म्हणाली. "पहाटं चारला उठून घासलाय. हाताची सालटी निघाली."

"अगं, मला तो काळाच हवा होता."

"काळा तर तो रोजच असतो. रोजचं कुणी फोटोत काढतं व्हय? उद्या कुणी फोटो बघून म्हणंल, चांगुणाच्या घरी बंब घासत नाय."

 चांगुणाबाईंच्या मते फोटो म्हणजे सणासारखी गोष्ट होती. तो येणार म्हटल्यावर घरादाराने न्हाऊन धुऊन त्याला सामोरे जायला हवे. ज्या वस्तूंचे साधेपण टिपायला तो निघाला होता, त्या वस्तू कॅमेरा दिसताच अशा नटून उभ्या राहणार असतील, तर साधेपण पकडायचे कुठे? त्याने बंबाचा फोटो काढला. नाही काढला असता तर आईच्या हाताची सालटी वाया गेली असती.

त्यानंतर त्याची नजर दादांच्या आरामखुर्चीकडे गेली. ओसरीवर दुपारचे ऊन कलत असताना त्या रिकाम्या खुर्चीच्या खोलगट कापडात एक थकवा साठलेला दिसे. रविवारी दादा विहारात वंदनेला गेलेत असे पाहून त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. आणि दादा परत आले.

"मी कुठं गेलो?" दारातूनच दादांनी विचारले.

"इथंच आहात की, दादा. मी फक्त खुर्चीचा फोटो..."

"रिकामी खुर्ची. वर ऊन." दादांनी चपला काढल्या. "एक हार घातला की झालं. पस्तीस वर्षं टपाल वाटलंय, जयराम. असले फोटो मी घराघरात बघितलेत. माणूस गेल्यावर काढतात. मी अजून आहे."

"तसं नाही, दादा..."

"थांब." दादा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात निवृत्तीच्या दिवशीचा कोट होता, खांद्यावर निरोपसमारंभाची शाल होती आणि हातात त्याच समारंभातला नारळ असावा तसा एक नारळ होता. (तो आईने कालवणासाठी आणलेला होता.) ते खुर्चीत असे ताठ बसले की खुर्ची पार दिसेनाशी झाली. "हं. काढ आता," ते श्वास रोखून म्हणाले. दुसरा फोटो संपला.

घरात कॅमेरा आला आहे ही बातमी वसाहतीत पसरायला याहून जास्त वेळ लागला नाही. पहिले आले लहानू मास्तर. हे निवृत्त चित्रकला शिक्षक. तीन दारे पलीकडे राहत आणि सल्ला मागण्याची तसदी कोणालाही पडू देत नसत. जयराम तेव्हा विंचूरच्या मामांनी पाठवलेल्या कांद्यांच्या टोपलीपुढे गुडघे टेकून बसला होता. त्या तांबूस, पापुद्र्या सुटलेल्या कांद्यांत त्याला काहीतरी दिसत होते. आईने मात्र ते आदल्या रात्रीच पुसून, लहान-मोठे निवडून, शाळेच्या कवायतीसारखे ओळीत लावून ठेवले होते.

"नुसता कांदा नाही चालायचा," मास्तर म्हणाले. "बाजूला तांब्या पाहिजे. एलिमेंटरीच्या परीक्षेला मी तेहतीस वर्षं कांदा आणि तांब्या मांडत आलोय. नुसत्या कांद्याला मार्क नाहीत."

"मास्तर, मला वाटतं, तो जसा आहे तसाच..."

"आणि हा जो कोपऱ्यातला आहे ना, हा," मास्तर वाकून म्हणाले, "हा जरा इकडे घेतलास तर..."

टक. कॅमेऱ्याचे बटण दबले. तिसऱ्या फोटोत मास्तरांचे बोट आले. ते बोट, तेवढे एकच, पुढे अत्यंत सुस्पष्ट उमटले.

मग आल्या आक्काबाई. त्या भिंतीला भिंत लागून राहत. त्यांच्या गोदावरीला सटाण्याचे स्थळ सांगून आले होते, आणि मध्यस्थाने तिकडून 'पोर कशी शे, फोटू धाडा' असा निरोप पाठवला होता.

"जयराम भाऊ, एकच काढ रे. तुझ्या बंबापेक्षा आमची गोदी काय वाईट हाय का?"

या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देणे म्हणजे होकार देणे होते. जयरामने चौथा फोटो गोदावरीचा काढला. ती इतकी लाजली की खाली पाहतच राहिली. पाचवा पुन्हा गोदावरीचा. या वेळी तिने वर पाहिले, पण नेमके तेव्हाच जयराम लाजला आणि त्याचा हात हलला. मग आक्काबाई म्हणाल्या, घरची माणसेही दिसू देत, म्हणजे स्थळाला भरवसा वाटतो. आणि त्या व त्यांचे यजमान गोदावरीच्या दोन बाजूंना उभे राहिले. जयरामने डोळा लावला. आक्काबाई एकदम बाजूला झाल्या.

"तिघांचा नको! तिघांतलं एक जातं."

"आक्काबाई," लहानू मास्तर दुखावल्या स्वरात म्हणाले, "आपण दीक्षा घेतलेली माणसं. असलं मानायचं नाही, हे ठरलंय ना आपलं?"

"मी कुठं मानते? मानत नाय मी. पण तिघांचा काढत बी नाय. मास्तर, तुम्हीच या चवथे."

मास्तर धोतराचा सोगा सावरत तत्काळ चौथे झाले. तत्त्वासाठी त्यांनी एवढेच केले की फोटोत ते नाराज दिसत राहिले. पुढे सटाण्याहून 'तो रागीट म्हातारा मुलीचा कोण?' अशी चौकशी आली, ती वेगळीच गोष्ट.

सहा गेले. सातवा स्टोव्हचा काढताना स्टोव्ह भडकला आणि जयराम मागे सरला. तो कशाचा आला हे अखेरपर्यंत कळले नाही. उरले पाच. बाराचे पाच होईपर्यंत त्याच्या त्या सकाळच्या उजेडाच्या वाट्याला एकही आला नव्हता. रात्रंदिवस त्याला असे वाटू लागले की जगात साधी वस्तू उरलेलीच नाही. सगळे जण कोट घालून बसले आहेत.

आठव्या फोटोची सकाळ अशी उगवली. जयरामने आईला आदल्या दिवशीच बजावले होते: काहीही घासू नकोस, पुसू नकोस, हलवू नकोस. पावणेसातपासून तो कॅमेरा पिठाच्या उंच डब्यावर ठेवून, चावी फिरवून, सज्ज होऊन उभा होता. सात दहा झाले. उजेड आला नाही. आकाशात एक ढग होता. डिसेंबरात, नाशिकला, नेमका त्याच खिडकीसमोर. सात पंधराला जयरामने आशा सोडली. आईने चहाची बशी पाटाजवळ ठेवली. तो गंजीफ्रॉकवरच, कॅमेऱ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून पाटावर बसला. बशीतला चहा त्याने फुंकलाही नाही. स्पर्धा, सभागृह, अकरावा नियम, सगळे त्या बशीत निवत चालले होते. आणि केव्हातरी ढग सरकला असावा. कारण त्याच्या गुडघ्यांवर ऊन आले. ते आले हे त्याला कळले, पण उठावेसे वाटले नाही.

मागे टक असा आवाज झाला.

तो वळला. आई कॅमेरा दोन्ही हातांत धरून उभी होती.

"पीठ घ्यायचं होतं," ती म्हणाली. "डब्यावरनं उचलला. म्हटलं, बघू तरी याला काय दिसतं एवढं."

"बटण दाबलंस?"

"दबलं वाटतं."

जयराम आयुष्यात कोणावर ओरडला नव्हता. कचेरीतल्या शिपायालाही तो 'जरा' म्हटल्याशिवाय हाक मारीत नसे. साठवून ठेवलेले ते चोवीस वर्षांचे ओरडणे त्या सकाळी एकदम बाहेर पडले. "वाया घालवलास! एक आख्खा फोटो वाया घालवलास! तुला यातलं काही कळतं का? कशाला हात लावायचा मग?"

शेजारच्या भिंतीपलीकडे आक्काबाईंचे भांडे घासणे थांबले. आईने कॅमेऱ्यावर बोटांचे पीठ लागले होते ते पदराने पुसले, तो होता तसा डब्यावर ठेवला, आणि पीठ न घेताच ती बाहेर गेली. त्या दिवशी भाकरी झाली नाही, भात झाला. त्यानंतर कॅमेरा जिथे असे त्या खोलीत ती दोन्ही हात पाठीशी धरून वावरू लागली. कोणी फोटोंचे विचारले की स्वतःच सांगे, "त्याचा एक फोटो माझ्या हातनं वाया गेला बाई. अडाणी माणसाचा हात." हे ती रागाने म्हणत नसे. ते जास्त वाईट होते.

उरलेले चार जयरामने कसेबसे संपवले: दारातल्या चपला, दोरीवरचे कपडे, आणि दोन वेळा उजेड. उजेड दोन्ही वेळा आला होता, तो वेळेवर उभा होता, आई घरात नव्हती, सगळे यथास्थित होते.

ढुंढिराजांनी रोळ धुतला आणि ओला लांब पट्टा दिव्यापुढे धरला. "बंब जळलाय. हे सावळीराम का? डोकं उडालंय. हे बोट कोणाचं? बोट छान आहे." ते पुढे सरकत गेले. आठव्यापाशी थांबले. भिंग काढून डोळ्याला लावले. 

छाप काढल्यावर जयरामनेही पाहिला. किंचित कललेला फोटो होता. खिडकी, पाच गज, पाचांच्या सावल्या. एका बाजूला काळी पडू लागलेली बंबाची कूस, टांगलेली गाळणी. बशीतून निघणारी अगदी पातळ वाफ. आणि मधोमध, पाटावर, जुना गंजीफ्रॉक घातलेला एक पाठमोरा माणूस. खांदे पडलेले, मानेच्या कडेवर उजेडाची एक रेघ. तो माणूस इतका दमलेला दिसत होता, आणि त्याच्याकडे इतक्या मायेने पाहिलेले होते, की जयरामला क्षणभर त्या परक्या माणसाची दया आली. शेवटचे दोन, त्याने स्वतः काढलेले उजेड, निव्वळ पांढरे होते.

ढुंढिराजांनी तांबडे फडके सोडून चोपडी उघडली. "नाशिकरोड. दोंदे. फोटोत?"

"एक... गृहस्थ."

"काढणारा?"

दौतीत बुडवलेली लेखणी थांबली होती. जयराम म्हणाला, "मीच."

बसमध्ये त्याने या प्रश्नाचा निःपक्षपातीपणे विचार केला. बटण दाबणे म्हणजे फोटो काढणे नव्हे. जागा त्याने निवडली होती. कॅमेरा त्याने आणला होता, चावी त्याने फिरवली होती, उजेड दोन वर्षे त्याने पाहिला होता. फार काय, मधला माणूसही त्यानेच पुरवला होता. आईने केवळ बोट दिले होते. लहानू मास्तरांनीही तिसऱ्या फोटोला बोट दिलेच होते. म्हणून काय तो मास्तरांचा झाला? हा युक्तिवाद बिनतोड होता. बस द्वारकेच्या चौकात पोचेपर्यंत तो त्याने चार वेळा केला, यावरून तो किती बिनतोड होता ते दिसते.

'सदर छायाचित्र मी स्वतः काढले आहे' या छापील ओळीखाली सही करून त्याने अर्ज आणि फोटो साहेबांसमोर साक्षांकनासाठी ठेवला. साहेब राजपत्रित होते. त्यांनी अर्ज पाहिला, फोटो पाहिला, चष्मा वर केला.

"दोंदे, मी तुमचं घर पाहिलेलं नाही. मग हा बंब तुमचाच, हे मी कशाच्या आधारे म्हणू?"

"साहेब, बंब माझाच आहे."

"ते तुम्ही म्हणता. कागद काय म्हणतो?"

तीन दिवसांनी जयरामने भाडेपावती, शिधापत्रिका आणि दादांच्या सहीचे बंबाच्या मालकीचे पत्र सादर केले. साहेबांचे समाधान झाले. त्यांनी गोल शिक्का उचलला, त्यावर हाः केले आणि अर्जावर मारण्याऐवजी तो फोटोवरच मारला: वरच्या उजव्या कोपऱ्यात, बरोबर खिडकीतल्या उजेडावर. शेजारी लिहिले: 'मुळावरून खरी नक्कल'. खाली सही.

"साहेब, फोटोवर..."

"मग कशावर? साक्षांकन फोटोचं आहे ना?"

मंडळाच्या चिटणीसांनी साक्षांकित प्रतच स्वीकारली जाईल असे सांगितले, आणि अशा रीतीने तो उजेड सरकारी शिक्क्यासकट स्पर्धेत दाखल झाला. घरी जयरामने काही सांगितले नाही. फोटोची दुसरी प्रत कचेरीच्या खणात, जावक बारनिशीच्या वहीखाली राहिली.

जानेवारीत निकाल लागला. उत्तेजनार्थ तिसरे. हे कार्ड टपालाने आले आणि ते वाटणारा पोस्टमन दादांच्या हाताखाली तयार झालेला असल्याने, ते जयरामच्या हाती पडण्याआधी वसाहतीला पाठ झाले होते. रविवारी सकाळी सगळे सभागृहात निघाले: कोटातले दादा, आक्काबाई, गोदावरी, लहानू मास्तर. आईने नवी साडी नेसली होती. जयरामने तिला दोनदा सांगून पाहिले की प्रदर्शन कंटाळवाणे असते.

"तुझं नाव लावलंय ना तिथं?" आई म्हणाली. "वाचता नाय आलं तरी बघू तर दे."

फोटो शेवटच्या भिंतीवर होता. खाली चिठ्ठी: 'सकाळ. जयराम सावळीराम दोंदे.' ज्या क्षणाची त्याने इतकी वाट पाहिली होती तो हाच. आणि त्याला पहिल्यांदा जाणवले की आपले नाव फारच लहान अक्षरात असले तरी ते लपत नाही. खादीचा झब्बा घातलेले परीक्षक पुढे होऊन म्हणाले, "उजेडात हे जे वर्तुळ योजलंय ना, शासनाची मुद्रा एका थकलेल्या माणसावर, हे धाडस मला आवडलं." जयरामने मान लववली. "आणि हा पाठमोरा माणूस कोण?"

"शेजारी," जयराम पुटपुटला.

"शेजारी?" आक्काबाई पुढे आल्या. "शेजारी तर आम्ही! आमच्याकडं असला माणूस नाय."

आई फोटोच्या अगदी जवळ गेली होती. हात अजून पाठीशीच होते. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग नकळत एक हात पुढे घेऊन, काचेला न लावता, तिने खांद्यापाशी बोट नेले.

"हे ठिगळ माझं हाय," ती म्हणाली. "दिवाळीला लावलं होतं. हा तर जया हाय."

"अरेच्चा!" परीक्षक म्हणाले. "स्वतःचाच, आणि पाठमोरा?"

"पण या कॅमेऱ्याला आपोआप उघडझाप नसते," मागून ढुंढिराजांचा आवाज आला. त्यांच्या काखेत तांबडे फडके होते. "चोपडीत मी लिहिलंय, काढणारा जयराम. फोटोत तोच असेल तर काढला कोणी? नोंद चुकली तर तीस वर्षांनी घोटाळा होईल हो."

 जयराम चिठ्ठीवरच्या आपल्या नावाकडे पाहत राहिला. पण संकटकाळी वसाहत माणसाला एकटा सोडत नसते.

"आरसा!" लहानू मास्तर उद्गारले. "समोर आरसा, मागे आरसा. प्रतिबिंबाचं प्रतिबिंब. मीच त्याला सुचवलं असेल."

"वा, आरसा," परीक्षक म्हणाले. चिटणीसांना हायसे वाटले. प्रशस्तिपत्रकांवर नावे सुंदर अक्षरांत घालण्यासाठी त्यांनी मास्तरांनाच टेबलाशी बसवले. टाक शाईत बुडाला. ढुंढिराज मात्र चोपडी उघडून तसेच उभे राहिले. "एवढा मोठा आरसा आहे तुमच्याकडे?" त्यांनी आईला विचारले.

आईने जयरामकडे पाहिले. तिला सगळे कळले होते. कोणत्या सकाळचा उजेड, कोणत्या बशीतली वाफ. आणि तिने पदर सावरून, इतक्या लोकांपुढे, आयुष्यात प्रथमच खरे वाटेल असे एक खोटे वाक्य उच्चारले.

"हाय ना," ती म्हणाली. "माणूसभर आरसा हाय आमच्याकडं. जयानं आणलाय."

त्यांच्या घरात एकच आरसा होता. दादांचा, दाढीचा, तळहाताएवढा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. जयरामला तो एकाएकी फार स्पष्ट दिसला. आणि त्याच्या बाजूला, पाठीशी धरलेले दोन हात, नखांत अजून पीठ असलेले. मास्तरांनी 'ज' चे वळण सुरू केले होते.

"मास्तर, थांबा," तो म्हणाला. आवाज बाहेर आला याचेच त्याला नवल वाटले. "चांगुणा सावळीराम दोंदे, असं लिहा."

"म्हणजे?" चिटणीसांनी विचारले.

"आमच्या घरात मोठा आरसा नाही. फोटो आईने काढला."